मुंबईचे सदर, गोव्याचा वाचक

दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये मुंबई-पुण्याच्या पुरवण्यांत एक सल्ला हमखास येतो: बायकोच्या नावावर एफडी ठेवून कर वाचवायला जाऊ नका, ते व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरले जाते. पुणेकराला हे बरोबर लागू पडते. तोच मजकूर पणजीच्या आवृत्तीत जसाच्या तसा लावला की फोंड्या-डिचोलीतल्या वाचकाच्या हाती चुकीची माहिती पडते. गोव्यात अजून चालणाऱ्या पोर्तुगीज नागरी संहितेखालच्या सामाईक मालकीत, म्हणजे जिथे मालमत्ता नवरा-बायको दोघांची मिळून असते तिथे, येणाऱ्या जोडप्याला १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातले कलम ५ अ लागू होते (२०२५ च्या नव्या कायद्यात तरतूद तीच, क्रमांक वेगळा). पगार सोडून बाकी सगळे उत्पन्न, म्हणजे व्याज, भाडे, धंद्याचा नफा, भांडवली नफा, नवरा-बायकोत निम्मे-निम्मे. एफडी कुणाच्याही नावावर असो.

गोव्यात मराठीतून घरच्या पैशांवर लिहिणाऱ्याचे निम्मे काम हेच: बाहेरून आलेला सल्ला इथल्या कायद्यावर आणि इथल्या मिळकतीवर घासून पाहणे. उरलेले निम्मे म्हणजे आकडेमोड. अमुक शेअर घ्या, तमुक विका हे या पेशात जवळजवळ नसतेच, आणि नसलेलेच बरे.

कलम ५ अ चा हिशेब एकदा हाताने करून पाहिल्याशिवाय त्यावर लिहू नये. नवऱ्याचा पगार ९ लाख, त्याच्याच नावावरच्या एफडीचे व्याज १,२०,०००, बायकोच्या नावावरच्या दुकानाचे वर्षाचे भाडे २,४०,००० असे धरू. घरपट्टी बाजूला ठेवली तर भाड्यातून ३० टक्के वजावट जाऊन १,६८,००० उरतात. व्याज आणि भाडे मिळून २,८८,०००, प्रत्येकाच्या वाट्याला १,४४,०००. पगाराचे ९ लाख मात्र नवऱ्याचेच. इथवर सोपे आहे. घोळ होतो टीडीएसवर, म्हणजे पैसे हाती येण्याआधीच कापलेल्या करावर. बँकेने व्याजावर १० टक्क्यांनी कापलेले १२,००० नवऱ्याच्या पॅनवर दिसतात, आणि निम्मे व्याज तर बायकोच्या रिटर्नमध्ये गेलेले असते. मग कापलेल्या कराचे निम्मे श्रेयही तिच्याकडे जायला हवे. त्यासाठी रिटर्नमध्ये शेड्यूल ५ अ आहे, त्यात जोडीदाराचा पॅन आणि उत्पन्नाच्या प्रत्येक प्रकाराची विभागणी भरावी लागते. टीडीएसच्या तक्त्यातही ही रक्कम जोडीदाराच्या पॅनवर कापली गेल्याचे दाखवायचा रकाना आहे.

चूक नेमकी कुठे होते? बहुतेक पगारदार सवयीने आयटीआर-१ उघडतात. ज्यांचे उत्पन्न ५ अ प्रमाणे विभागायचे आहे त्यांना तो फॉर्म चालत नाही. त्यात आधीच भरून आलेले पूर्ण व्याज तसेच सोडले तर नवरा बायकोच्या वाट्याचाही कर भरून बसतो. निम्मेच दाखवले आणि शेड्यूल भरले नाही, तर विभागाकडच्या वार्षिक माहिती पत्रकाशी (एआयएस) आकडा जुळत नाही आणि विभागाकडून विचारणा येते. बायको ‘गृहिणी, उत्पन्न नाही’ म्हणून रिटर्न भरत नाही, ही तिसरी चूक. सदरात हे सगळे ६०० शब्दांत बसते. पण फॉर्मचा क्रमांक, शेड्यूलचे नाव आणि एक सोडवलेले उदाहरण नसेल, तर ते ६०० शब्द वाचकाच्या काही कामाचे नाहीत.

आणखी एक खुंटी ठोकून ठेवावी: गोव्यात राहायला आला म्हणून कुणाला ५ अ लागू होत नाही. कोल्हापुरात लग्न करून पर्वरीत फ्लॅट घेतलेले जोडपे त्यात आपोआप येत नाही. लग्नाआधी करार करून मालमत्ता वेगळी ठेवलेल्या गोमंतकीय जोडप्याचेही गणित निराळे. या दोन ओळी जागेअभावी कापल्या जातात. उपसंपादकाशी भांडायचे तर त्यांच्यासाठी भांडावे.

नॉमिनीचा विषयही असाच. ‘नॉमिनी म्हणजे वारस नव्हे’ एवढे आता सगळेच लिहितात. गोव्यात त्यापुढे जावे लागते. लग्नानंतरच्या कमाईतून नवऱ्याच्या नावावर १० लाखांची एफडी आहे, नॉमिनी थोरला मुलगा. नवरा गेला. बँक पैसे नॉमिनीला देऊन मोकळी होते, त्यात बँकेचे काही चुकत नाही. पण त्यातले ५ लाख मुळातच बायकोचे आहेत. तो तिला मिळालेला वारसा नव्हे, सामाईक मालकीतला तिचा स्वतःचा हिस्सा. उरलेल्या ५ लाखांपैकी नवऱ्याला मृत्युपत्राने हवे त्याला देता येत होते फक्त अडीच लाख. बाकीचे अडीच लाख मुलांचे, आणि मृत्युपत्र लिहूनही ते हिरावता येत नाहीत. २०१२ चा गोवा उत्तराधिकार, स्पेशल नोटरी व इन्व्हेंटरी प्रक्रियेचा कायदा यासाठी मुळातून वाचायचा. भाषा रुक्ष आहे, पण दुसरा मार्ग नाही. गोमंतकीयाची मालमत्ता मुंबईत असली तरी तिला गोव्याचाच वारसा कायदा लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. त्यामुळे दादरला खोली असलेल्या म्हापसेकराला मुंबईच्या सदरातला सल्ला तिथेही चालत नाही.

या पेशात शिरायला कुठली पदवी लागते, हा नेहमीचा प्रश्न. सक्तीची अशी कुठलीच नाही. वाणिज्य शाखा झालेली असली तर ताळेबंद वाचताना घाम फुटत नाही, एवढाच फायदा. एनआयएसएम या सेबीने स्थापन केलेल्या प्रशिक्षण संस्थेची म्युच्युअल फंड वितरकांची परीक्षा, सिरीज ५-ए, दिली तर उत्तम. नाही दिली तरी तिचे पाठ्यपुस्तक पीडीएफमध्ये फुकट मिळते, ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावे. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे असते. पण परीक्षा पास होणे आणि सेबीकडे, म्हणजे भांडवली बाजाराच्या नियामकाकडे, नोंदणी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नावाखाली ‘एनआयएसएम प्रमाणित’ छापले की वाचक त्याला सल्लागार समजतो, म्हणून ते न छापलेलेच चांगले.

खरी पात्रता म्हणजे एक्सेल. विमा एजंटाचे कोष्टक समोर आहे असे धरा: वर्षाला ५०,००० हप्ता, २० वर्षे, शेवटी १८ लाख. एजंट म्हणतो, १० लाखांचे १८ लाख, ऐंशी टक्के फायदा. त्याचे गणित चुकलेले नाही, त्यातून वेळ तेवढी गायब आहे. एका रकान्यात खाली-खाली वीस वेळा उणे ५०,००० लिहायचे, एकविसाव्या ओळीत अधिक १८,००,०००, आणि त्यावर आयआरआर, म्हणजे वेळ धरून वर्षाला खरा परतावा काढणारे सूत्र, लावायचे. उत्तर येते ५.३ टक्के. नवखे लोक शेवटचा हप्ता आणि मुदतीची रक्कम एकाच ओळीत टाकतात, म्हणजे विसाव्या ओळीत १७,५०,०००. मग उत्तर ५.८ येते, कारण पैसे प्रत्यक्षापेक्षा एक वर्ष आधी मिळाल्यासारखे होतात. अर्ध्या टक्क्याची ही चूक छापून आली की विमा कंपनीचा माणूस फोन करत नाही, चूक त्याच्या सोयीची असते. उलट बाजूला झाली असती तर सकाळी नऊला फोन आला असता.

जुन्या ट्रकच्या कर्जाचेही तसेच. ‘फक्त १२ टक्के फ्लॅट’ म्हणजे १ लाखावर तीन वर्षांत ३६,००० व्याज आणि ३,७७८ रुपयांचा हप्ता. मुद्दल दर महिन्याला कमी होत असते, व्याज मात्र पूर्ण लाखावर लागत राहते. घटत्या मुद्दलावर हिशेब केला तर तोच दर २१ टक्क्यांच्या वर जातो. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या खाणपट्ट्यातल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. २०१२ ची खाणबंदी आणि २०१८ मध्ये ८८ लिजेस रद्द झाल्यावरचा दुसरा फटका या दोन्ही वेळी ट्रक अंगणात उभे राहिले. हप्ते थांबले नाहीत.

बातमीतले आकडे हाताळण्याची एक शिस्त आहे. ६ जून २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने देते तो, ६ वरून ५.५ टक्क्यांवर आणला. दुसऱ्या दिवशीचे ठरलेले शीर्षक: ‘हप्ता स्वस्त होणार’. ३० लाखांचे २० वर्षांचे नवे गृहकर्ज साडेआठ टक्क्यांनी असेल तर हप्ता २६,०३५. आठ टक्क्यांनी २५,०९३. फरक ९४२ रुपये. पण दर बदलला की बँका सहसा हप्ता तोच ठेवून मुदत घटवतात. २६,०३५ चाच हप्ता चालू ठेवला तर आठ टक्क्यांनी हे कर्ज २४० ऐवजी २२० महिन्यांत फिटते. वीस हप्ते वाचले, म्हणजे ५ लाख २० हजारांच्या आसपास. हप्ता कमी करून घेतला तर वीस वर्षांत वाचतात सव्वादोन लाख. वाचकाला कळायला हवी ती ही तुलना. शीर्षक लिहिणाऱ्याला ती ठाऊक नसते, म्हणून मजकुराबरोबर शीर्षकही आपणच सुचवून पाठवावे. शिवाय कर्ज रेपोला जोडलेले आहे की जुन्या एमसीएलआरला, म्हणजे बँकेने स्वतःच्या खर्चावरून ठरवलेल्या दराला, हे न विचारता ‘सर्वांना दिलासा’ लिहिणे म्हणजे वाचकाची फसवणूकच.

वर्षाचे वेळापत्रक ठरलेले असते. १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प. अल्पबचतीचे दर प्रत्येक तिमाहीआधी, म्हणजे मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर संपताना. पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ वरच अडकला आहे, त्यामुळे दर तिमाहीला ‘दर कायम’ ही चार ओळींची बातमी द्यावी लागते. त्यापेक्षा त्या जागेत हे सांगावे की पीपीएफचे व्याज महिन्याच्या ५ तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मिळते. ६ तारखेला भरलेल्या पैशांचे त्या महिन्याचे व्याज गेले. गोव्यापुरते आणखी एक: सरकारी राजपत्र गुरुवारी निघते. मुद्रांक, नोंदणी शुल्क, सरकारी योजनांतले बदल तिथे पहिल्यांदा दिसतात, आणि ते उघडून पाहणारे फार थोडे.

रिझर्व्ह बँकेची पत्रके, सेबीचे आदेश, विमा लोकपालांचे निवाडे आणि ग्राहक आयोगाचे निकाल हे या पेशाचे रोजचे वाचन. पत्रकार परिषदेत मिळणाऱ्या फोल्डरमध्ये यातले काहीही नसते. हर्षद मेहताचे शेअर बाजारातले प्रकरण पत्रकार सुचेता दलाल यांनी २३ एप्रिल १९९२ रोजी उघडकीला आणले, तेव्हा मुळाशी होता तो स्टेट बँकेच्या रोख्यांच्या नोंदीत न जुळणारा हिशेब. जुळत नाही तिथे थांबायचे. छोट्या गावातल्या पतसंस्थेच्या अहवालालाही हाच नियम लागू आहे.

पतसंस्थांवर तर गोव्यात लिहावे तेवढे थोडे. म्हापसा अर्बनचा परवाना २०२० मध्ये रद्द झाला, मडगाव अर्बनचा २०२१ मध्ये. दोन्ही बँका होत्या, त्यामुळे ठेवी विम्याच्या छत्राखाली होत्या. या ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये १ लाखावरून ५ लाखांवर गेली. मर्यादा खात्यामागे नाही, ठेवीदारामागे आहे, आणि एका बँकेच्या सगळ्या शाखा मिळून आहे. ती मुद्दल आणि व्याज मिळून मोजतात: ४,९०,००० ची ठेव आणि ३५,००० साचलेले व्याज असेल तर २५,००० उघड्यावर. संयुक्त खात्यात नावांचा क्रम वेगळा असेल तर ते खाते वेगळे मोजले जाते, ही बारीक गोष्ट काउंटरवरही क्वचितच कुणी सांगते. पण हे सगळे बँकांचे. गल्लीतली सहकारी पतसंस्था १० टक्के देते, पाटीवर भला मोठा ‘सहकारी’ लिहिते, आणि तिथल्या ठेवीला या विम्याचा एक रुपयाही लागू नाही. लेखात हे पहिल्या परिच्छेदात आले पाहिजे. शेवटच्या परिच्छेदापर्यंत वाचक पोचत नाही, ठेव आधीच ठेवून झालेली असते.

आता इथल्या मिळकतीचे. ‘सहा महिन्यांचा खर्च आपत्कालीन निधी म्हणून बाजूला ठेवा’ हा सल्ला महिन्याच्या १ तारखेला पगार होणाऱ्यासाठी लिहिलेला आहे. शॅकवाला, किनाऱ्यावरचा टॅक्सीवाला, वॉटरस्पोर्ट्सच्या बोटीवरचा पोरगा यांची कमाई ऑक्टोबर ते मे. ट्रॉलरवरच्याला १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी. पाऊस दर वर्षी येतोच, मग ती आपत्ती कसली? कमाई नसलेले चार महिने हा ठरलेला खर्च आहे आणि त्याचा डबा वेगळा हवा. महिन्याचा खर्च ३०,००० असेल तर चार महिन्यांचे १,२०,०००, म्हणजे हंगामाच्या आठ महिन्यांत दरमहा १५,००० बाजूला. त्यावर चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. ती येते भाद्रपदात, नेमकी गल्ला रिकामा असताना: माटोळी (गणपतीवर बांधायची फळा-पानांची सजावट), रंगरंगोटी, फटाके, घरभर पाहुणे. सोने गहाण ठेवायची वेळ येते ती बहुधा याच दिवसांत. एसआयपी, म्हणजे फंडात दरमहा ठरावीक रक्कम टाकणे, तीही या वाचकाला बारमाही का लावायला सांगायची? पावसाळ्यात काही महिने थांबवून ठेवायची सोय बऱ्याच फंडांत आहे, नाहीतर लिक्विड फंडात हंगामात एकदाच पैसे टाकून तिथून दरमहा हस्तांतर लावता येते. आपत्कालीन निधी या सगळ्याच्या वर, वेगळा. जहाजावर जाणाऱ्यांचे अनिवासी दिवस मोजणे हा तर स्वतंत्र विषय आहे. तिथे पासपोर्टच्या शिक्क्यांवर भागत नाही, सीडीसीवरच्या, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तिकेतल्या, साइन-ऑन आणि साइन-ऑफच्या (जहाजावर चढल्या-उतरल्याच्या) तारखा लागतात.

कायद्याने काय लिहिता येते? सेबीच्या २०१३ च्या गुंतवणूक सल्लागार नियमांनुसार वृत्तपत्र, मासिक, दूरचित्रवाणी अशा सर्वांसाठी खुल्या माध्यमातले लेखन हे ‘गुंतवणूक सल्ला’ धरले जात नाही. तोच पत्रकार वाचकाला व्हॉट्सअॅपवर पैसे घेऊन ‘तुम्ही हा फंड घ्या’ सांगू लागला की सवलत संपली, नोंदणी हवी. नाव घेऊन शेअरची खरेदी-विक्री सुचवणे २०१४ च्या संशोधन विश्लेषक नियमांच्या कक्षेत जाते. जानेवारी २०२५ मध्ये केवळ शिक्षणाच्या नावाखाली बोलणाऱ्यांना मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरून शेअरबद्दल बोलायलाही सेबीने मज्जाव केला. प्रश्नोत्तराचे सदर चालवताना वाचकाचे नाव, गाव, बँक काढून टाकायची आणि उत्तर त्या प्रकारच्या माणसाला द्यायचे, त्या एका माणसाला नव्हे.

प्रेस परिषदेच्या निकषांत आर्थिक पत्रकारांसाठी वेगळा भाग आहे: भेटवस्तू, कर्ज, सहली, सवलती, प्राधान्याने मिळणारे शेअर घेऊ नयेत, आणि कंपनीच्या खर्चाने दौरा झाला असेल तर बातमीत ते ठळक लिहावे. माझ्या मते यात एकाची भर हवी. म्युच्युअल फंड वितरकाचा कोड (ज्यावर कमिशन जमा होते तो नोंदणी क्रमांक) घरात कुणाच्याही नावावर असू नये, जोडीदाराच्याही नाही. गोव्यात तर ५ अ मुळे ते कमिशन निम्मे लेखकाच्याच रिटर्नमध्ये येऊन बसते, मग ‘माझा काही संबंध नाही’ म्हणायला तोंड राहत नाही.

पैसे किती मिळतात? मराठीत केवळ सदरावर घर चालत नाही. नोकरी, भाषांतर, कार्यशाळा, पुस्तक असे दोन-तीन झरे लागतात. एकाच संस्थेकडून वर्षाला ५०,००० च्या वर मानधन गेले की १० टक्के टीडीएस कापला जातो. सेवांचे वार्षिक उत्पन्न २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. प्राप्तिकराच्या कलम ४४ एडीएखाली ‘निम्मे उत्पन्न खर्च धरून मोकळे व्हा’ असे मित्र सांगतात, पण त्या कलमाच्या व्यवसायांच्या यादीत पत्रकार हा शब्द नाही. चित्रपटाचे कथा-पटकथा-गीतलेखक आहेत. तेव्हा खर्चाच्या पावत्या जपाव्यात. आणि लग्न गोव्यातल्या कायद्याखाली झाले असेल तर मानधनाचा नफासुद्धा निम्मा जोडीदाराच्या रिटर्नमध्ये.

पुस्तकाचा करार वाचताना रॉयल्टीच्या टक्क्यांआधी ते टक्के कशावर, हे पाहावे. ३०० रुपयांच्या पुस्तकाच्या १,००० प्रती खपल्या आणि छापील किमतीवर १० टक्के असतील तर ३०,०००. विक्रेत्याची ४० टक्के सूट वजा करून निव्वळ वसुलीवर असतील तर १८,०००. टक्का तोच. भेटप्रती, ई-पुस्तक, ऑडिओ आणि पुनर्मुद्रणाचे हक्क यांच्या वेगळ्या ओळी करून घ्याव्यात. कलम ८० क्यूक्यूबीखाली लेखकाच्या रॉयल्टीवर ३ लाखांपर्यंत वजावट आहे, तीही जुन्या करपद्धतीतच. मात्र ती साहित्यिक, कलात्मक किंवा वैज्ञानिक स्वरूपाच्या पुस्तकांना आहे आणि त्यातून ‘गाइड’ वगळलेली आहेत. त्यामुळे ‘करबचतीचे गाइड’ लिहिणाऱ्याला स्वतःच्या रॉयल्टीवर करबचत मिळेल की नाही, हे आधी चार्टर्ड अकाउंटंटला विचारलेले बरे.

पैशांचे पुस्तक शिळे फार लवकर होते. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला आणि जुने कलम क्रमांक बदलले. ५ अ ची तरतूद राहिली, तिचा क्रमांक गेला. २०२५-२६ च्या उत्पन्नाचे रिटर्न मात्र अजून जुन्याच कायद्याने, म्हणजे एक वर्ष दोन्ही क्रमांक शेजारी-शेजारी छापावे लागतात. म्हणून दर, मर्यादा, कलमे धड्याच्या मजकुरात विखरू नयेत. प्रत्येक धड्याच्या शेवटी एका तक्त्यात ठेवावीत आणि तक्त्यावर तारीख घालावी. पुढच्या आवृत्तीला मग तक्ते तेवढे नव्याने जुळवायचे, बाकीची पाने तशीच छपाईला जातात.